अडलेलं क्रियापद

नोव्हेंबरअखेर पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला, की आमच्या बाई नागपुरी सुती साडीवर भडक केशरी रंगाचं शिकाऱ्याचं जाकीट चढवून फिरायला निघत. पायांत बर्फातले बूट, डोक्याला त्याच केशरी रंगाची लोकरीची टोपी आणि जाकिटाच्या खिशात लाल पेन. जाकीट कशासाठी, तर झाडीत दबा धरून बसलेल्या कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून. पेन कशासाठी, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. म्हणाल्या, "वाटेत चुका असतात."

खरंच असत. चर्चच्या फलकावर असत, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीत असत. स्टेट कॉलेज ह्या आमच्या गावात भारतीय किराणा मिळण्याचं दुकान तेव्हा एकच धड होतं. त्याचा तेलुगू मालक गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी बरण्यांवर मराठीतही नावं लिहायचा. बाईंनी दोन वर्षं त्या चिठ्ठ्या लाल केल्यावर तो नवी चिठ्ठी चिकटवण्याआधी फोटो काढून बाईंनाच पाठवायला लागला. गावात बाईंचा एवढा दरारा होता. दरारा होता म्हणजे प्रेमही असावं, असं मी धरून चाललो होतो.

मी एम.एस. करायला आलो तेव्हा त्यांच्या घराच्या तळघरातली खोली भाड्यानं घेतली. खोली दाखवण्याआधी त्यांनी माझी मुलाखत घेतली. सिगारेट ओढतोस का, पार्ट्या करतोस का, असलं काही विचारलं नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "'बसणे' आणि 'बसून राहणे' यांत फरक काय?"

मी सांगलीचा, त्यातून मेकॅनिकल इंजिनिअर. घाबरून म्हणालो, "बसणे ही क्रिया आहे. बसून राहणे ही पीएचडी."

बाई हसल्या नाहीत. आत वळून इंग्रजीत ओरडल्या, "बार्ब, ह्याला किल्ली दे."

त्यांना मी 'मावशी' म्हणालो, तेव्हा मात्र तिथल्या तिथे थांबवलं. "मी तुझ्या आईची बहीण आहे का? मग? बाई म्हण. बाई मी आहेच."

नागपूरहून संस्कृतात एम.ए. करून बाई भाषाशास्त्रात पीएचडी करायला अमेरिकेत आल्या होत्या. संस्कृतची नातेवाईक म्हणून लॅटिनला भेटायला गेल्या आणि तिच्याच घरी राहिल्या. पीएचडी राहून गेली. मग शेजारच्या खोऱ्यातल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं लॅटिन शिकवलं. शेतकऱ्यांच्या, ट्रकवाल्यांच्या, प्रोफेसरांच्या मुलांना विभक्ती पाठ करायला लावल्या. पुढं ती मुलं गावभर पसरली. दातांच्या डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर हातातली सुई बाजूला ठेवून "मॅजिस्ट्रा!", म्हणजे लॅटिनमध्ये 'बाई', म्हणत उभा राहायचा. एकदा पोलिसानं आमची गाडी अडवली, कारण बाई पंचावन्नच्या रस्त्यावर तीसनं चालवत होत्या. काच खाली झाली, पोलिसानं आत बघितलं, आणि सहा फुटी माणसाचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला. दंड झाला नाही. बाईंनी मात्र त्याच्याकडून एक क्रियापद सगळ्या काळांत चालवून घेतलं. मागं गाड्यांची रांग लागली होती.

किल्ली देणारी बार्ब ही त्याच शाळेत सुतारकाम शिकवायची. उंच, रुंद, पांढरे केस बारीक कापलेले. पिकअप ट्रक चालवायची, मोसमाच्या पहिल्या दिवशी हरीण मारायची आणि ते काळा मसाला घालून शिजवायची. घरात स्वयंपाक तीच करायची, कारण बाईंना चहाशिवाय काही येत नव्हतं आणि चहाही येतो असं म्हणणं धाडसाचं होतं. बार्ब पिठलं इतकं सुरेख करायची, की मी आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "ही बार्ब कोण रे?"

मी म्हणालो, "बाईंची मैत्रीण. इथंच राहते."

"बरं बाई, सोबत असते," आई म्हणाली.

त्या दोघींसाठी गावात प्रत्येकानं आपापल्या कुवतीप्रमाणं एक शब्द ठरवलेला होता. मराठी मंडळातल्या काकू 'बार्बमावशी' म्हणत; ती कोणाची कोण, हा प्रश्न त्या 'मावशी'त बुडून जाई. काका लोक 'रूममेट' म्हणत. शेजारी 'द लेडीज' म्हणत. बार्बची बहीण पिट्सबर्गजवळ राहायची, ती नाताळचं कार्ड 'बार्ब अँड फ्रेंड' असं लिहून पाठवायची, अठ्ठावीस वर्षं. सगळी माणसं अत्यंत सभ्य होती. बाई, ज्यांना दुकानातल्या 'मेथी दाने'मधली मोकळी जागासुद्धा सहन होत नसे, त्या ह्यातल्या एकाही शब्दाला लाल पेन लावत नसत. ह्याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माडीवर दोन खोल्या होत्या. त्यांतली एक 'बार्बची खोली'. तिथल्या पलंगावर मासे धरायचे गळ, शिवणयंत्र आणि तीस वर्षांचे लॅटिनचे पेपर रचलेले होते. तिथं मांजर झोपू शकलं नसतं. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण मी इंजिनिअर होतो, त्यामुळे मला आठ महिने लागले.

समजलं तेही बार्बनं सांगितलं म्हणून. एका रविवारी ती माझ्याकडून गॅरेजमधली फळी धरवून घेत होती. सहज म्हणाली, दोन बायकांना लग्न करता येईल असा कायदा बदलला, त्याच आठवड्यात तिनं स्वयंपाकघरात बाईंना मागणी घातली होती.

"मग?" मी विचारलं. फळी माझ्या हातातून जवळजवळ सुटली होती.

"मग काय! तिनं डिक्शनरी काढली." बार्ब हसायला लागली. "अजून बंद केलेली नाही."

अडचण अशी होती. लॅटिनमध्ये लग्न करण्यासाठी क्रियापदं दोन. पुरुषाचं वेगळं, बाईचं वेगळं. पुरुष लग्न करतो तेव्हा तो बायकोला 'नेतो'. बाई लग्न करते तेव्हा ती 'पदर घेते'. बाईंचं म्हणणं, आमच्यात नेणार कोण आणि पदर घेणार कोण, हे ठरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि अपुऱ्या वाक्यावर मी सही करत नाही.

"मी म्हटलं, सोपं आहे," बार्ब म्हणाली. "ट्रक मी चालवते, तू स्कार्फ बांध. तर म्हणते, यू आर नॉट बीइंग सीरियस."

मी हे सगळं विनोद म्हणून ऐकलं. बार्बही विनोद म्हणूनच सांगत होती. फक्त शेवटी फळीवर पेन्सिलीची रेघ मारताना म्हणाली, "शी इज स्केअर्ड, किड. व्याकरण हे तिचं ब्लँकेट आहे." आणि करवत सुरू केली.

*

दुसऱ्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाला व्याख्याता मिळेना. दरवर्षी योगासनं किंवा गुंतवणूक यांवर कुणीतरी बोलायचं; त्या वर्षी दोघंही आजारी पडले. अध्यक्षांनी बाईंना गळ घातली. अध्यक्ष चांगला माणूस होता, फक्त कुठल्याही वाक्याचा शेवट 'ऑल गुड' असा करायचा. बाईंनी विषय दिला : 'रोमन कुटुंब'. अध्यक्षांनी तो ईमेलमध्ये 'फॅमिली इव्हेंट' असा कळवला. ऑल गुड.

शाळेचा हॉल होता. मुलांची नाचगाणी झाली होती, बटाटेवडे यायचे होते. स्लाइड बार्ब बदलत होती.

पहिली स्लाइड एका दाढीवाल्या सम्राटाची. बाई म्हणाल्या, "ह्याचं नाव सांगत नाही, तुम्ही लगेच फोनवर शोधत बसाल. ह्याचा एक जिवलग होता. तो नाईल नदीत बुडाला. सम्राटानं त्याच्या नावानं तिथं शहर वसवलं, साम्राज्यभर त्याचे पुतळे उभारले, त्याला देव केलं." हॉलमध्ये हळहळ पसरली. पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "बघा, एवढं मुलावर प्रेम!"

"मुलगा नव्हता," बाई म्हणाल्या.

"भाऊ का?"

"नाही."

काकूंनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"पण सम्राटांचं सोडा," बाई म्हणाल्या. "सम्राटाला कोण विचारणार? आपण साध्या माणसांकडे येऊ." बार्बनं स्लाइड बदलली. दगडात कोरलेली दोन माणसं, कमरेपर्यंत. एकमेकांचा उजवा हात धरलेला. थडग्यावरचं शिल्प. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये दोन दासी होत्या, एकाच घरातल्या. मालकानं त्यांना मुक्त केलं. गुलामांना कायद्यानं लग्न करता यायचं नाही. म्हणून सुटलेली जोडपी मेल्यावर तरी दगडात असा हात धरून घ्यायची : आमचं लग्न झालं होतं, बघा. ह्या दोघींनीही तसाच धरून घेतला.

"पण दोघींचे चेहरे नीट बघा," बाई म्हणाल्या. "ह्यांतली एक आता बाई दिसत नाही. मागाहून कुणीतरी छिन्नी घेऊन तिचे केस तासले आणि तिचा पुरुष केला. म्हणजे बघणाऱ्याला बरं वाटावं. पण खाली दोघींची नावं कोरलेली आहेत, बायकांची. ती तशीच राहिली. माणसं चेहरा बघतात, मजकूर कोणी वाचत नाही, हे त्याला ठाऊक असणार."

मागून एक काका म्हणाले, "बहिणी असतील."

"काही विद्वानही तेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

"मैत्रिणी! दासी होत्या ना बरोबर? रूममेटसारख्या."

"हेही म्हणतात."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला. "अवं, हे पाणिग्रहण हाय की."

अध्यक्षांच्या आई होत्या. कराडहून सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या. गुडघ्यांना पट्टे, अंगावर लेकाचं युनिव्हर्सिटीचं स्वेटर. "उजवा हात असा धरत्यात ते लग्नातच. भन कुठं भनीचा हात असा धरती? मी काय लग्नं बगितली न्हाईत?"

"आई," अध्यक्ष पुटपुटले.

"दोघींचं झालं असंल. तवा कोण इचारत हुतं?" आजींनी विषय संपवला. मग बाईंना विचारलं, "दगूड कुठं असतो आता?"

"लंडनला, म्युझियममध्ये."

"हां. लांब हाय."

अध्यक्षांनी उठून वडे गरम आहेत अशी घोषणा केली, ऑल गुड.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या बातमीपत्रात चार ओळी आल्या. बाईंनी 'रोमन स्थापत्यशास्त्र' ह्या विषयावर माहितीपूर्ण व्याख्यान दिल्याचं त्यात म्हटलं होतं. बाईंनी 'स्थापत्यशास्त्र'भोवती लाल गोल केला आणि तो कागद फ्रिजवर लावला. बार्बनं त्याखाली पेन्सिलीनं एक छोटी छिन्नी काढली.

*

फेब्रुवारीत एका सकाळी बार्ब गॅरेजमध्ये पडली. बर्फ काढायचं यंत्र सुरूच होतं, म्हणून बाईंना वाटलं ती काम करतेय. मी खालून वर आलो तेव्हा दिसलं. मेंदूतला झटका. अँब्युलन्समागून मी गाडी नेली. बाई शेजारी बसल्या होत्या, हाताला आलं ते घालून, म्हणजे ते केशरी जाकीट.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक मुलगी संगणकात माहिती भरत होती. आवाज फार मऊ होता तिचा. "अँड यू आर हर…?"

बाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मुलीनं पुन्हा विचारलं. बाईंचे ओठ हलले आणि मिटले. सबंध गावाच्या चुका दुरुस्त करणारी बाई, पाच भाषा येणारी, त्या काउंटरवर उभी होती आणि तिला एक नाम सापडत नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मागं लोक उभे होते. मला ते बघवेना, म्हणून मी मदत केली.

"फ्रेंड," मी म्हणालो. "दे आर फ्रेंड्स."

"ओके," मुलगी म्हणाली आणि तो शब्द संगणकात गेला.

त्यानंतर सगळं नियमाप्रमाणं झालं. कुणीही वाईट वागलं नाही. बार्बच्या बहिणीला फोन गेला, ती तीन तास गाडी चालवत आली. डॉक्टर तिला एका खोलीत घेऊन गेले, कारण ते बोलणं फक्त घरच्यांशी करायचं होतं. बाई बाहेर खुर्चीत बसल्या. मधेच बहीण दार उघडून बाहेर आली. "बार्बला कशाची ॲलर्जी आहे का, तुम्हाला माहीत आहे?"

"पेनिसिलिन," बाई म्हणाल्या. "आणि रात्रीची रक्तदाबाची गोळी ती अर्धीच घेते, डॉक्टरला पूर्ण सांगते."

"थँक्यू सो मच," बहीण म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी बार्ब शुद्धीवर आली. उजवी बाजू गेली होती, शब्दही बरेच गेले होते. बहिणीनं बाईंचे दोन्ही हात धरून सांगितलं, की तिच्या घराजवळ एक चांगलं केंद्र आहे, तिथं बार्बची कायमची व्यवस्था होईल. "तुम्ही तिच्यासाठी आधीच इतकं केलंत. एका मैत्रिणीकडून ह्याहून जास्त अपेक्षा मी कशी करू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती अगदी मनापासून बोलत होती.

परतताना घराच्या वळणावर बाई म्हणाल्या, "तू 'फ्रेंड' म्हणालास."

"चुकलं बाई. मला वाटलं…"

"चुकलं काहून? तुझं वाक्य बरोबर होतं." राग आला की त्यांचं नागपूर बाहेर यायचं. "जागा मी रिकामी ठेवली. तीस वर्षं पोरांना रिकाम्या जागा भरायला लावल्या. रिकामी जागा दिसली की माणूस त्यात काहीतरी भरतोच, हे मला नाही तर कोणाला ठाऊक असावं?" थोड्या वेळानं म्हणाल्या, "कायदा बदलल्यापासून मी क्रियापद अडलंय म्हणून सांगत होते. ते अडलं नव्हतं. मी त्याला अडवून धरलं होतं. सही केली असती तर नागपूरला घरी कळलं असतं."

मी गाडी उभी केली. त्या उतरल्या नाहीत. म्हणून मीही बसून राहिलो.

*

पेनसिल्व्हेनियात एक सोय आहे. क्वेकर पंथाच्या जुन्या रिवाजामुळे असा विवाहपरवाना मिळतो, की ज्याला पाद्री लागत नाही, न्यायाधीश लागत नाही. दोघांनी आपलं आपण लग्न लावायचं आणि दोन साक्षीदारांनी सह्या करायच्या. अर्ज केल्यावर तीन दिवस थांबावं लागतं. बार्बला चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यायची परवानगी मिळाली, त्याच दिवशी मी दोघींना बेलफॉन्टच्या कोर्टात घेऊन गेलो. बार्बला विचारलं होतंच. ती तेव्हा दिवसाला वीसेक शब्द बोलायची. त्यातला एक तिनं ह्यासाठी वापरला. "फायनली."

गाडीत बाईंनी जाहीर केलं, "क्रियापद मिळालं."

मागच्या सीटवरून बार्बनं भुवई उंचावली. डावी.

"मराठीत. 'लग्न करणे'. नवरा लग्न करतो, बायकोही लग्न करते. नेणं नाही, पदर नाही, काही नाही. दोघंही नुसतं करतात." आणि मग स्वतःवरच चिडून, "लॅटिन पालथं घातलं, संस्कृत पालथं घातलं, तिथंही पुरुषच नेतो. आणि हे तोंडात होतं!"

मी बार्बला इंग्रजीत समजावून सांगितलं. तिनं बराच वेळ जुळवाजुळव करून विचारलं, "सो… हू… ड्राइव्ज?"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग तो बराच वेळ पुसत राहिल्या.

एक साक्षीदार मी होतो. दुसरा म्हणून बाईंनी अध्यक्षांच्या आईंना फोन केला. आजींचं परतीचं विमान आठवड्यावर आलं होतं. त्या गाडी चालवत नसत, त्यामुळे अध्यक्षांना त्यांना आणावंच लागलं. तीन दिवसांनी, बार्बला तोवर ठेवलं होतं त्या गावातल्या पुनर्वसन केंद्राच्या भेटीच्या खोलीत, माशांच्या टाकीजवळ, अध्यक्ष हातात कार्डिगन धरून असे उभे होते, जणू चुकीच्या गेटवर विमानाची वाट बघतायत.

"आई, तुला कळतंय ना कशावर सही करतेयस?" त्यांनी हळूच विचारलं.

"साक्षीची सही. तुझ्या बापाच्या खरेदीखताला केली हुती तशी," आजी म्हणाल्या आणि त्यांनी लेकाकडून पेन मागून घेतलं.

सही करण्याआधी त्या बार्बच्या खुर्चीपाशी गेल्या. "उजवा हात धरा," बाईंना म्हणाल्या.

"आजी, तो हात हलत नाही," मी म्हणालो.

"न्हाई हलला तर न्हाई. धरायचा उजवाच."

बाईंनी वाकून बार्बचा तो निर्जीव, जड हात मांडीवरच्या चादरीवरून उचलला आणि आपल्या उजव्या हातात घेतला. दोघींनी काही मंत्र म्हटले नाहीत. बार्बला म्हणता येत नव्हते आणि बाईंना, पाच भाषा असूनही, त्या वेळी एकही येत नसावी. मी इंग्रजीत सही केली. आजींनी देवनागरीत, पूर्ण नावानिशी, गाव कराडसुद्धा. बाईंनी ती वाचली, सवयीनं बोट प्रत्येक अक्षरावरून फिरवलं आणि म्हणाल्या, "एकही चूक नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता ते दोन शब्द म्हणणार. पण त्यांनी बाईंना नुसता नमस्कार केला, वाकून, घरच्या मोठ्या माणसाला करतात तसा. बातमीपत्रात ह्यावर काही आलं नाही. स्थापत्यशास्त्रावरही नाही.

बार्बची बहीण शनिवारी आली तेव्हा बाईंनी कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं तो दोनदा वाचला. तिचं तोंड लाल झालं. "मला सांगायचं तरी! इतकी वर्षं मी कार्डावर काय लिहीत होते…"

"तुझी चूक नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही मजकूर दिलाच नव्हता."

मग ती रडली, आणि रडून झाल्यावर गाडीतून हॅमचा भला मोठा ट्रे घेऊन आली. पिट्सबर्गकडचं केंद्र रद्द झालं. एप्रिलमध्ये बार्ब घरी आली. माझं शिक्षण संपलं, मला हर्नडनला नोकरी लागली आणि मी व्हर्जिनियाला गेलो. बाई अधूनमधून माझी ईमेलं दुरुस्त करून परत पाठवत.

*

सगळ्यांनी, बाईंनीसुद्धा, धरलेलं होतं की बार्ब आधी जाणार. कागदपत्रं त्यासाठीच तर केली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात बाई अंगणात टोमॅटोची रोपं लावायला बसल्या, रोपं कशी लावायची हे बार्ब खुर्चीतून तोडक्या शब्दांत सांगत होती, आणि बाई तिथंच कलंडल्या. हॉस्पिटलला पोचायच्या आत संपलं. सगळ्या कागदांवर बार्बनं डाव्या हातानं सह्या केल्या. बायको म्हणून. कुणी काही विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. बार्ब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर बाईंची फोन नंबरांची जुनी वही. तिनं एका पानावर बोट ठेवलं. 'दादा, नागपूर.'

"यू… कॉल," ती म्हणाली. "माय वर्ड्स… आर स्लो."

हे दादा मला माहीत नव्हते. बार्बनं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, की थोरला भाऊ, वर्षातून एकदा, भाऊबीजेला, फोन, दोन मिनिटं, हवापाणी, तब्येत. बाकी नाही. नागपूरला तेव्हा संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले असतील. फोन त्यांनीच उचलला. आवाज म्हातारा, पण शिक्षकासारखा स्वच्छ. मी कोण ते सांगितलं आणि मग जे सांगायचं ते सांगितलं.

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"त्रास झाला का तिला?"

"नाही. अंगणात होत्या. लगेच गेलं सगळं."

"हं." मग, "आता घरी कोण आहे तिच्या?"

माझ्या तोंडात तो सभ्य शब्द तयार होता. आईला सांगितलेला, काउंटरवरच्या मुलीला सांगितलेला. ऐंशीच्या पुढचा माणूस, बहीण गेल्याचं आत्ता कळलेला; त्याला सांभाळून घेण्यासाठी ह्याहून चांगला शब्द सापडला नसता. बार्ब माझ्याकडे बघत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण मी कुठं अडलोय हे तिला कळत होतं.

"त्यांची बायको आहे," मी म्हणालो.

फोन कट झाला असं वाटलं. मी "हॅलो, हॅलो" म्हणालो.

"ऐकतोय मी," ते म्हणाले. मग हळूच, "ती बार्बरा का?"

"हो."

"जेवली का ती?"

मी टेबलाकडे बघितलं. शेजाऱ्यांनी आणून ठेवलेले डबे ओट्यावर होते, झाकणंसुद्धा निघालेली नव्हती.

"नाही. कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

"मग आधी तिला जेवायला वाढ," दादा म्हणाले. "मी थांबतो फोनवर."